नागड्या धाग्याची धास्ती

अध्यक्षस्थानी विराजमान मर्लसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती डोलोरेस हुडाकबाई, आणि सॉवरक्राउटच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या, वड्यांकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या अ‍ॅक्रनकर मित्रमैत्रिणींनो,

हातातला कागद मी उलटा धरलाय, ते तुम्हाला दिसतंयच. नुसती भाषणाची भीती असती तर घोटभर पाण्यावर भागलं असतं. सोमवारपासून माल तपासायला बाईंच्या खुर्चीत मी बसणार आहे, त्याची ही भीती.

बाईंचा शिरस्ता तुम्ही जाणता. कार्बनच्या धाग्याचं नवं रीळ आलं, की त्यातला एक धागा वितळलेल्या प्लास्टिकमध्ये ठेवायचा आणि ते थिजताना सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. चांगल्या धाग्याच्या अंगावर स्फटिक दाटीनं उगवतात, म्हणूनच आपलं प्लास्टिक उष्णतेत टिकतं. मर्लसाहेब, तुम्हीच म्हणायचात ना, "अहो बाई, धागा तो धागा! त्याचं काय तोंड बघायचंय?"

गेल्या वसंतात नव्या लेपाचा धागा आला, तेव्हा बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर. आपण त्या धाग्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तोडून पाहिल्या, मजबूत निघाल्या. पण तोडल्या कुठे? गार खोलीत! त्याच प्लास्टिकची, इंधनाची नळी धरून ठेवणारी ब्रॅकेटं बनली आणि माल रवाना झाला. बाई परतल्या, काठी टेकत सूक्ष्मदर्शकाशी गेल्या आणि मला हाक मारत ओरडल्या, "टॉड, इकडे ये! हा नागडा आहे रे!"

धाग्यावर एकही स्फटिक नव्हता. नेहमीच्याच वेगानं गार केलेलं ते प्लास्टिक कच्चं राहिलं होतं. इंजिनाशेजारी तापलं की लिबलिबीत होणार.

"ही ब्रॅकेटं बसवलीत कुठे?"

रुग्ण नेणाऱ्या हेलिकॉप्टरात. ते उडवते माझी बायको, रमोना. आणि त्या क्षणी ती हवेत होती.

बाईंनी तळावर फोन लावला. "आत्ताच्या आत्ता उतरवा तिला, जागा मिळेल तिथे!" पलीकडचा माणूस फोन तसाच ठेवून रेडिओकडे धावला. "उतरेल ना हो?" मी विचारलं. खोटा धीर देणं बाईंना जमत नाही. "मला माहीत नाही रे," म्हणाल्या आणि माझी बाही घट्ट धरून बसल्या.

रमोना एका शाळेच्या फुटबॉल मैदानात उतरली. "पोरं टाळ्या वाजवताहेत," फोनवर म्हणाली, "मी गोल केला की काय?" वाकलेलं ब्रॅकेट तिनं नंतर पाहिलं. इंधनाची नळी तापल्या पत्र्याला टेकायचीच बाकी होती.

आज ती पहिल्या रांगेत बसली आहे. सोमवारी तिची पाळी आहे, आणि माझीही. बाई, निवृत्त झालात तरी फोन तेवढा उचलत जा.

संयोजकांचे आणि वडे तळणाऱ्यांचे मनापासून आभार. बोलताना काही चुकलं असेल तर पोटात घाला. ही सवलत मात्र आजच्यापुरतीच. सोमवारपासून माझी एकही चूक पोटात घालू नका.