भिंतीपलीकडचे सिनेमे

माझे नाव व पत्ता अंमलदार बाईंनी वरच्या रकान्यात लिहून घेतला आहे. वय चौसष्ट वर्षे. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, आता निवृत्त. शिक्षण कॉन्व्हेंट शाळेत. पती हयात नाहीत. घरात एकटी असते.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, शेजारच्या घरातून येणारे आवाज सिनेमाचे असतात, असे मी रविवारी संध्याकाळी जिन्यात हवालदारांना सांगितले होते. ते खरे नव्हते. ते दुरुस्त करायला मी आज कोणी न बोलावता आले आहे.

शेजारी एक जोडपे राहते. त्यातली मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. तिचा नवरा औषध कंपनीचा विक्रेता आहे. माझी बैठकीची खोली आणि त्यांची झोपायची खोली यांत एकच भिंत आहे. नवरा वागायला नम्र. माझा गॅसचा सिलिंडर त्यानेच अनेकदा वर आणून दिला आहे.

मला भुताचे सिनेमे बघायची सवय आहे. पतींना ते फार आवडत. लग्नानंतर आम्ही दुपारच्या खेळाला जायचो, आणि मी अर्धा सिनेमा बोटांच्या फटीतून बघायची. हल्ली दुपारी टीव्हीवर एकटी बघते. स्वस्तातले जास्त आवडतात. महागड्या सिनेमातले भूत संगणकाने केलेले असते, त्याची कीव येत नाही. स्वस्तातल्या भुताच्या चेहऱ्याला लावलेला डिंक दिसतो, कोणीतरी बिचारे तासभर बसून तो लावत होते हे कळते.

मुलीची व माझी ओळख यावरूनच झाली. आमच्या बाल्कन्या लागून आहेत. कपडे वाळत घालताना आम्ही बोलायचो. फ्रिजमधली बुरशी माणसे खाते असा एक सिनेमा आम्ही दोघींनी पाहिला होता. मी म्हटले, "अगं, बुरशी कसली, भांडी घासायचा स्पंज आहे तो." ती म्हणाली, "काकू, आणि त्या मांत्रिकाच्या हातात घड्याळ होतं, बघितलंत? शाप देताना मनगट झाकत होता." आम्ही इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर पाहिले. दुसरा एक, सगळा लिफ्टमध्ये घडणारा. तो मला आवडला, तिला नाही. "दोन तास लिफ्टमध्ये कोंडून घ्यायला पैसे कशाला द्यायचे, काकू? आमच्या दुकानात फुकट कोंडतात," असे ती म्हणाली.

पहिला आवाज मी पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी दुपारी ऐकला. बाईचे ओरडणे होते. सोमवारी मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "काकू, आवाज आला का हो? आम्ही सिनेमा लावला होता." मी कोणता म्हणून विचारले. पाणी भरलेल्या तळघरात अडकलेल्या बाईची गोष्ट तिने सांगितली. मी म्हटले, "किंचाळी छान होती हं. हल्लीच्या बायकांना जमत नाही." त्यानंतर बहुतेक रविवारी आवाज यायचा आणि सोमवारी ती मला सिनेमा सांगायची. मी त्यावर मत द्यायची. त्यातला एकही सिनेमा मला टीव्हीवर सापडला नाही.

मागच्या आठवड्यात तिने प्रथमच सिनेमाचे नाव सांगितले. बंद पडलेल्या सूतगिरणीत राहणाऱ्या बाईचा, जुना, काही लोक पुन्हा पुन्हा बघतात असा. ती म्हणाली, "नक्की बघा, काकू. त्यातली बाई फार ओरडते." मी तो गुरुवारी पाहिला. भूत रबराचे आहे आणि धूर किटलीतून सोडल्यासारखा आहे, पण सिनेमा चांगला आहे. त्यातली बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. ओरडतही नाही. भुताने तिचा आवाज घेतलेला असतो. मी शेवटची नावे संपेपर्यंत बसून राहिले.

मुलीने तो सिनेमा स्वतः पाहिला होता का, असे विचारल्यावरून सांगते की, होय. शेवटी ती बाई कोणत्या खिडकीतून बाहेर पडते, हे तिनेच मला आधी सांगून टाकले होते.

शुक्रवारी सकाळी ती बाल्कनीत आली. उकाडा असून पूर्ण बाह्यांचा ब्लाउज होता. मी म्हटले, "पाहिला गं तुझा सिनेमा." तिने तोंडातला चिमटा काढून हातात घेतला व विचारले, "मग?" मी म्हटले, "भूत अगदीच रबरी. पण बाईनं काम छान केलंय. ओरडते छान."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "हो ना," एवढेच म्हणाली आणि आत गेली. ओले कपडे बादलीतच राहिले.

रविवारी दुपारी आवाज आला. नंतर काहीतरी पडल्याचा आवाज आला, व नंतर काही नाही. मी माझ्या टीव्हीचा आवाज वाढवला. थोड्या वेळाने नवऱ्याने माझी बेल वाजवून सांगितले, "काकू, ही बाथरूममध्ये घसरली. रुग्णवाहिका येईपर्यंत जरा बसता का तिच्यापाशी?" मी बसले. बाथरूमची फरशी कोरडी होती. हवालदार आले तेव्हा तो म्हणाला, "काकूंना विचारा ना, आमच्याकडे सिनेमेच चालतात." मी हो म्हटले. त्या वेळी मुलगी स्ट्रेचरवर होती व तिचे डोळे उघडे होते.

आधी का सांगितले नाही, असे विचारल्यावरून सांगते की, मला नवऱ्याची भीती नव्हती. एक्स्चेंजमध्ये आम्हाला शिकवले होते की, तारेवरचे बोलणे कानावर पडले तरी ते आपल्यासाठी नसते. शाळेत सिस्टरही तेच शिकवत. नोकरीत मी ते फार चोख पाळले, त्याबद्दल मला बक्षीसही मिळाले होते. परंतु हे माझ्या गप्प राहण्याचे कारण म्हणून लिहू नये. शुक्रवारचे बोलणे तारेवरचे नव्हते. ते माझ्याशीच होते.

मुलीचा जबडा मोडला आहे. घसरलात का, असे विचारल्यावर तिने मान हलवून हो म्हटले, हे मला माहीत आहे. उद्या सकाळी नवरा तिला घरी नेणार आहे, असे परिचारिकेने मला आज सांगितले. त्यापूर्वी हा जबाब इस्पितळात पोचावा. कोर्टात त्याच्यासमोर हेच सांगायला मी तयार आहे.

बाल्कनीतला मजकूर तपासाला आवश्यक नाही, वगळू का, असे अंमलदार बाईंनी मला विचारले. वगळू नये.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे व खरा आहे. मुलीलाही तो वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.