मधला वायू

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. आत त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चाललं होतं.

"तू उगाच चिडतेस. घरात किती शांतता आहे आता!"

"शांतता? दादा, वहिनी स्वयंपाकघरातून मला परगावी फोन करून म्हणते, 'आईंना विचारा, जेवायला वाढू का.' आणि आई पलीकडच्याच खोलीत!"

"भांडण तरी नाही ना?"

"ताऱ्यांमधल्या वायूतही नसतं."

"झालं! आलीस तुझ्या संशोधनावर."

"आज ऐकच. तिथे तापलेला विरळ वायू असतो आणि गार, दाट ढग असतात. दोघं एकमेकांना सारख्याच जोरानं रेटतात, म्हणून कुणी हलत नाही. लांबून वाटतं, काय गुण्यागोविंदानं नांदतात!"

"मग मी वेगळं काय म्हणतोय? समतोल आहे."

"आणि मधला वायू? धड तापलेला नाही, धड गार नाही, तो?"

"त्याचं काय?"

"तो टिकत नाही. गार पडून ढगात जातो, नाहीतर तापत सुटतो. आठ वर्षं मी आई आणि वहिनीच्या मध्ये आहे, दादा. गार पडणं मला जमलेलं नाही."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

दार उघडून नर्स बाहेर आली.

"आजींच्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालायचेत. कोण घालणार?"

"माझी बायको घालेल. तुम्ही हिला सांगा सिस्टर, ही तिला फोन करून कळवेल."

"बरं. आणि तुम्ही आजींचे कोण?"