बोलावल्याशिवाय मोठ्यांना प्रवेश नाही

...आणि वर लोक मलाच विचारतात, "टेलर, तुमची मुलगी वाचनालयातच राहायला गेली की काय?" शेजारीण विचारते, गिऱ्हाइकं विचारतात, परवा पँटची उंची कमी करायला आलेला वकीलसुद्धा विचारून गेला. आता काय सांगू? घरात जागा नाही का? आहे ना. एक खोली आहे, खोलीत पलंग आहे, पलंगावर धाकटी दोघं आहेत, पलंगाखाली गिऱ्हाइकांची गाठोडी आहेत, दाराशी माझं शिलाई मशीन आहे, आणि मशीन नि भिंत यांच्यामध्ये एक माणूस मांडी घालून बसेल एवढी अख्खी जागा आहे. ती तिची. इतकी वर्षं तिथंच बसून शिकली की. मशीनची धडधड, धाकट्यांची मारामारी, आणि ही आपली कानात बोटं घालून धडे पाठ करतेय. एक दिवस म्हणाली, "बाबा, मशीन जरा थांबवता? उद्या पेपर आहे." मी म्हटलं, "पाचच मिनिटं." तुम्हाला सांगतो, टेलरची पाच मिनिटं म्हणजे... जाऊ द्या. दप्तर उचललं आणि गेली.

तर त्या वाचनालयात म्हणे वरच्या मजल्यावर तिच्या वयाच्या पोरांसाठी वेगळी खोली आहे. फुकट. टेबल, दिवा, कॉम्प्युटर, आणि कोणी 'ऊठ, जरा सरक' म्हणत नाही. म्हटलं बघून तरी येऊ. तिचा स्वेटर घेऊन गेलो. उकाड्याचे दिवस होते, पण निमित्त नको का काहीतरी? बघतो तर काचेचं दार आणि दारावर पाटी, 'मुलांनी बोलावल्याशिवाय मोठ्यांना प्रवेश नाही.' म्हणजे जिला बोट धरून चालायला शिकवलं तिच्या परवानगीनं आम्ही आत जायचं! तिथल्या बाई आल्या. आवाज गोड, पण दारातून हलायला तयार नाहीत. "काय काम होतं?" म्हटलं, "बाप आहे." "हो का, छान. पण तिनं बोलावलंय का?"

मग म्हणाल्या, "नवीन मूल आलं की मी दोनच गोष्टी विचारते. तुला काय हवंय, आणि तुला काय येतं? ज्याला जे येतं ते त्यानं शनिवारी बाकीच्यांना शिकवायचं."

"आणि आमच्या पोरीला काय येतं म्हणाली?"

बाईंनी काचेतून बोट दाखवलं. मशीन हो. शिलाई मशीन. ज्या धडधडीला कंटाळून घर सोडून गेली, तीच धडधड तिथं जाऊन स्वतः करतेय, आणि भोवती ही पोरं गोळा. अगं, घरात मशीन नाही का? आहे ना. पण घरी हूं की चूं न करणारी माझी मुलगी तिथं दातात दोरा धरून मोठ्यानं बोलत होती, हसत होती, एकाला चक्क रागावत होती. दातात दोरा धरून बोलायची सवय माझी. तुम्हाला सांगतो, मला आत जावंसं वाटलं. फार वाटलं. मलाही कोणी बसवून विचारावं, तुला काय येतं? मला आजवर सगळ्यांनी एकच विचारलं, "कधी मिळेल?"

मग काय, रोज निमित्त. आज डबा, उद्या छत्री, परवा किल्ली. आमची ही म्हणाली, "कुलूप आपल्याकडे एकच, किल्ली मी वापरते, तिला कशाला हवी?" मी आपला काचेबाहेर उभा. पोरगी यायची, हातातलं घ्यायची, "या हं बाबा," म्हणून परत आत. घरात जागा नाही का तिला, हे विचारायचं मी केव्हाच सोडलं होतं. तिच्या खोलीत मला जागा आहे का, एवढंच डोक्यात.

आणि गेल्या आठवड्यात जेवताना मान खाली घालून म्हणाली, "बाबा, शनिवारी याल? आत."

इस्त्रीचा शर्ट घातला. ही म्हणाली, "कुणाचं लग्न आहे?" गेलो. पाटी ओलांडून गेलो. पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "हे माझे बाबा. मी यांच्याकडूनच शिकले." मी आपला शर्टाची बटणं चाचपत उभा. नशीब, मशीन बिघडलं होतं. त्यासाठीच बोलावलं होतं म्हणा. खडखडत होतं, दोरा तोडत होतं. उघडलं, साफ केलं, तेल घातलं, आणि पोरं अंगावर ओणवी होऊन, "काका, हे काय? काका, ते कशाला?" मी बोलतोय, बोलतोय... मशीन लोण्यासारखं चालायला लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि बाईंनी प्रेमानं दार उघडून धरलं, मला बाहेर जायला.

काल न राहवून विचारलं, "काय गं, मशीन कसं चाललंय?"

"एकदम मस्त, बाबा. जराही कुरकुर नाही."

गिऱ्हाइकांना एका चेनसाठी चार-चार खेपा घालायला लावणारा माणूस मी... आणि नेमकं तिथंच एका खेपेत काम चोख करून बसलो.