दोन सरांच्या मुली

दाताच्या दवाखान्यात आपल्याआधी कोणाचा नंबर असावा, हेच आख्ख्या आळीवर हुकूम चालवणाऱ्या मोठ्या बाईंना पटलेलं नव्हतं. शेजारी दोन पोरी बसलेल्या. एकीचा गाल सुजलेला, दुसरीला चष्मा. दोघींच्या लॅब वेगळ्या, सर वेगळे, पण पीएचडीचं संशोधन एकत्र, एवढं मोठ्या बाईंना न विचारता कळलं होतं. आता पोरी कुजबुजायला लागल्या, तसे बाईंनी नाइलाजाने कान टवकारले.

“आमच्या लॅबमधल्या सगळ्या पेशींना बुरशी लागली गं. एकही जिवंत नाही,” गाल सुजलेली म्हणाली.

“घाबरतेस काय? थोड्या गोठवून ठेवल्यात ना तुम्ही?”

“आम्ही? अगं, तुम्ही ठेवणार होतात!”

“आम्हाला वाटलं, तुम्ही ठेवल्यात.”

“आम्हालाही तेच वाटलं.”

“म्हणजे कोणीच नाही?”

“यालाच एकत्र संशोधन म्हणतात, बये.”

“तीन वर्षं पाण्यात! आणि उद्या मीटिंगला दोन्ही सर समोर. माझे सर मला उभी चिरतील.”

“माझे आडवी.”

“मग असं करू. तू माझ्या सरांना सांग, मी तुझ्या सरांना सांगते. लोकांच्या मुलीवर कोणी आवाज चढवत नाही.”

मोठ्या बाईंनी उभ्या जन्मात शेजारणींच्या सुनांनाही सोडलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि भिंतीकडे पाहिलं.

“आणि चढवलाच तर?”

“तर मग दोघेही आपलेच सर झाले. दोन-दोन सर मिळावेत म्हणूनच तर या एकत्र पीएचडीला प्रवेश घेतला होता.”