विहिरीची बातमी कोणी पाहिली?

सन्माननीय अध्यक्ष श्यामसुंदरजी, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती व्हायोलेटबाई, समोर बसलेल्या माझ्या गावठाणकरांनो आणि मागच्या रांगेतल्या त्या दोन अनोळखी गृहस्थांनो, नमस्कार.

अध्यक्ष मघाशी कानात म्हणाले, "सुनंदाताई, आज जरा गोडच बोला हं." बोलते. पण आधी एक शंका विचारते.

व्हायोलेटबाई गुडघेदुखीमुळे गोराईला लेकीकडे चालल्या, असं निमंत्रणात छापलंय. गुडघे? या बाईने आपलं भित्तिपत्रक इतकी वर्षं चालवलं. "काय गं, तुझ्या नळाला पाणी येतं की चहा?" असं दारोदार विचारत बातम्या गोळा केल्या. तिचे गुडघे नेमके खिडकीची काच फुटल्यावरच कसे दुखू लागले?

तिचा नियम तुम्हाला पाठ आहे. बातमी भिंतीवर लागण्याआधी रविवारी या हॉलमध्ये मोठ्याने वाचायची आणि ज्याने पाहिलं त्याने उभं राहायचं. कोणीच उभं राहिलं नाही तर ती बातमी नव्हे, कुजबुज. गेल्या महिन्यात 'आपल्या विहिरीत बांधकामाचं डेब्रिज टाकतायत' हे वाचलं गेलं, तेव्हा ती एकटी उभी राहिली. त्याच आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरात दगड आला.

काल मी तिला म्हटलं, "मला फार भीती वाटते गं."

"मग बस की घरात. फक्त उद्या मला हार घालायलाही उठू नकोस."

आज रविवार आहे. कार्यक्रमपत्रिकेत वाचन नाही, केक आहे. म्हणून मीच वाचते: 'मंगळवारी सकाळी विहिरीत डेब्रिजचा आणखी एक ट्रक रिकामा झाला. विहीर कठड्यापर्यंत भरत आली आहे.'

पाहिलं कोणी? मी. भाषणासाठी उभी आहेच, तेच उभं राहणं धरा. तेव्हा विहिरीसमोर दुधाच्या रांगेत माझ्या मागेपुढे तुम्हीही बरेच जण होतात. कोणाकोणाचे गुडघे दुखतात, ते आता कळेलच.

व्हायोलेट, तू आम्हाला उभं राहायला शिकवलंस, तुझे आभार. ऐकून घेतलंत, तुमचेही. बोलताना काही चुकलं असेल तर क्षमा असावी. पण चूक सांगायची ती आत्ता, इथे, सगळ्यांसमोर सांगा. कृपा करून दारात येऊन नको. मी घरी एकटीच असते.