पार्किंगमधून पाहिलेलं फ्लोरेन्स

तुम्हीच सांगा, मी चिडू नको तर काय करू? इटलीत आठ दिवस गाडी मी चालवली. पिसा आलं, सिएना आलं, फ्लोरेन्स आलं, पण आमचे हे आपले पार्किंगमध्ये चिवडा खात बसलेले! "अहो, उतरा ना!" म्हटलं की एकच उत्तर, "अगं, अपने ग्वालियर के किले के सामने ये सब क्या है!" शेवटी सगळं मी एकटीने पाहिलं.

परवा ग्वाल्हेरला, जयेंद्रगंजात आमच्या घरी पुण्याचे पाहुणे आले. म्हणाले, "आम्हाला ग्वाल्हेरचा किल्ला दाखवाल ना?"

तर सोफ्यावरून न हलता हे म्हणतात, "किल्ल्यात काय ठेवलंय? माणसाने आयुष्यात एकदा फ्लोरेन्स पाहावं, फ्लोरेन्स!"

आणि वर मलाच हुकूम, "अगं, आपले फोटो दाखव यांना!"