बौशरमधून वर केलेले हात

हसू नका, पण टेलिफोनवर हात वर करणारी पहिली बाई मीच असेन. आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, तेलासाठी बोअर मारू द्यायची की नाही, ते ग्रामसभेत हात वर करून ठरणार होतं. त्या सड्याचंच पाणी आमच्या विहिरींना येतं. आणि मी अडकलेली इथे मस्कतच्या बौशरला, मुलाच्या घरी. जुम्म्याची सुट्टी म्हणून इथे कामाला आलेली गावची सगळी पोरं जमली होती. व्हिडिओ कॉल तेव्हा इथे लागत नव्हता, म्हणून नणंद सकीनाने सभेतून साधा फोन लावला.

माझा रफिक इथून लांब दुक्मला तेलाच्याच कामावर, सुट्टीपुरता घरी आलेला. म्हणाला, "अम्मी, आपण तेलाचंच खातो की."

"खातो. पाणी मात्र बाटलीचं पितो. ते का, विचार तुझ्या मालकाला, त्या अर्बाबला."

तेवढ्यात फोनमधून सरपंच म्हणाले, "विरोध असेल त्यांनी हात वर करा." आमच्या खोलीतले सगळे हात वर गेले, रफिकचासुद्धा.

मी ओरडले, "सकीना, सांग त्यांना, इथे खोलीभर हात वर आहेत."

तिने सांगितलं. सभेत हशा पिकला. सरपंच म्हणाले, "मस्कतचे हात मस्कतलाच मोजा, चाची." आणि ठराव मंजूर.

रफिक म्हणाला, "खलास, अम्मी. हात खाली घे."

मी फोनवर विचारलं, "आपल्या बाजूने किती होते गं?"

सकीना म्हणाली, "आम्ही चार म्हाताऱ्या, भाभी. बाकीचे तुझ्याच खोलीत आहेत."